चार चाके वळायला कशी शिकली : लाँगबोर्ड, बर्फ आणि बिनमोसमाचा इतिहास

१/ मागच्या धाग्यात यवतमाळ–धामणगाव रस्त्यावरून रेल्वेस्थानकाकडे जाणाऱ्या कापसाच्या गाड्यांविषयी लिहिले होते. आजचा धागाही त्याच रस्त्यावरचा, आमच्या बाभुळगावातलाच आहे. वाहन तेवढे निराळे : मीटरभर लांबीची लाकडी फळी, तिच्याखाली चार चाके आणि वर उभा माझा धाकटा भाऊ. या वाहनाला लाँगबोर्ड म्हणतात. ते येथे का आले, कसे जुळवले आणि त्याच्या नटबोल्टांत किती जुना इतिहास दडला आहे, हे आज पाहू. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

२/ भावाने गेल्या हिवाळ्यात गुलमर्गला दोन आठवड्यांचा स्नोबोर्डचा अभ्यासवर्ग केला. फेब्रुवारीअखेर तो परत आला तेव्हा घरी तूर निघाली होती आणि दुपारी पंखा लागत होता. बर्फ येथून दीड हजार किलोमीटरांहून दूर, आणि तोही वर्षातून तीन-साडेतीन महिने. पुढच्या जानेवारीत त्याला वरच्या पायरीचा वर्ग करायचा आहे. त्याचे शुल्क कापसाच्या पैशांतून जाणार, म्हणून बाबांचा प्रश्न रास्तच होता : "दोन हप्त्यात शिकलेलं दहा महिन्यात इसरत असशीन, त मंग पैसे कायले लावाचे?"

३/ त्यावर भावाचे उत्तर म्हणजे ही फळी. स्नोबोर्डवाले मंडळी मोसम संपला की लाँगबोर्डवर सराव करतात, असे त्याने वाचले होते. पुण्याहून कोणाची तरी वापरलेली फळी त्याने मागवली. ती घरी आली त्या संध्याकाळी शेजारचे मिस्त्री काका पाहायला आले. काकांनी उमेदीच्या काळात बैलगाड्या घडवल्या आहेत. त्यांनी फळी उलटी केली, चाक बोटाने फिरवले आणि विचारले, "बैलगाडीले दोन चाकं, ते आपसूक वयते. ह्याले चार हायेत अन् हँडल बी नाही. मंग हे वयते कशी बाप्पा?"

४/ मी इतिहासाची विद्यार्थिनी आहे, यंत्रशास्त्राची नाही. पण या प्रश्नाने मला महिनाभर गुंतवून ठेवले. कारण नेमका हाच प्रश्न युरोपात सुमारे शंभर वर्षे कोणाला सुटत नव्हता. आणि तो सोडवला कोणी, तर मोसम संपल्यामुळे अडलेल्या एका माणसाने.

५/ प्रथम काकांचा मुद्दा समजून घेऊ. दोन चाकांची गाडी वळताना आतले चाक जवळजवळ जागीच राहते आणि बाहेरचे त्याच्याभोवती मोठा फेरा घेते. एकच आख असल्याने काही अडत नाही. चार चाके दोन आखांवर बसवली आणि दोन्ही आख एकमेकांना समांतर, घट्ट ठोकले, की गाडी सरळच जाणार. वळवायची तर चाके फरफटत न्यावी लागतात. म्हणून चारचाकी रथाचा किंवा बग्गीचा पुढचा आख फिरता ठेवत आणि त्याला दांडी जोडत. माणसाच्या पायाखाली अशी दांडी कोठे जोडणार?

६/ चाकांवरचे घसरणे हे आरंभापासून बर्फाची नक्कल होते. जॉन जोसेफ मर्लिन हा मूळचा आजच्या बेल्जियममधला कारागीर १७६० नंतर लंडनमध्ये राहत असे. वाद्ये आणि यांत्रिक खेळणी ही त्याची खासियत. त्याने चाकांचे स्केट केले आणि एका मेजवानीत ते घालून, व्हायोलिन वाजवीत प्रवेश केला, अशी कथा सांगितली जाते. त्याला वळताही आले नाही आणि थांबताही आले नाही, त्यामुळे तो थेट एका मोठ्या, महागड्या आरशावर आदळला. कथेतला तपशील पुढे रंगवला गेला असेल. पण अडचण खरी होती.

७/ १८४९ मध्ये पॅरिसच्या ऑपेरात मायरबीअर यांचे 'ल प्रॉफेत' रंगमंचावर आले. त्यातील गोठलेल्या तळ्यावरचा प्रसंग दाखवण्यासाठी नर्तकांच्या पायांत चाकांचे स्केट बांधले होते. प्रेक्षक खूश झाले. बर्फाविना बर्फ दाखवण्याची ही युक्ती पुढे लोकप्रिय झाली. तरी ते स्केट मुख्यतः सरळच धावत. वळण्यासाठी पाय उचलावा लागे किंवा चाके घासावी लागत.

८/ आता मुख्य पात्र. जेम्स लिओनार्ड प्लिम्पटन हा न्यूयॉर्कमधला फर्निचरचा व्यावसायिक. प्रकृतीसाठी बर्फावर स्केटिंग करण्याचा सल्ला त्याला मिळाला आणि त्याने त्याला बरेही वाटू लागले. पण न्यूयॉर्कचे बर्फ वसंतात वितळते. उन्हाळ्यात काय करायचे, या विवंचनेतून त्याने स्वतःचे चाकांचे स्केट घडवले आणि १८६३ मध्ये त्याचे पेटंट घेतले.

९/ त्याची युक्ती अशी. पुढे दोन चाकांचा एक आख, मागे दोन चाकांचा दुसरा. प्रत्येक आख तळव्याच्या फळीला एका तिरक्या खुंटीभोवती फिरेल असा जोडायचा आणि मध्ये रबराचा तुकडा ठेवायचा. माणूस एका बाजूला कलला की फळी कलते, रबर दबते, आणि खुंटी तिरकी असल्यामुळे आख नुसता कलत नाही, वळतोही. पुढचा आख एका दिशेला वळतो, मागचा उलट दिशेला. दोन्ही आखांच्या रेषा आतल्या बाजूला लांबवल्या तर त्या एका बिंदूत मिळतात. तोच वळणाचा मध्य. भार काढला की रबर पुन्हा फुगते आणि चाके सरळ होतात.

१०/ मिस्त्री काकांच्या प्रश्नाचे उत्तर इतकेच आहे : हँडल माणसाच्या कमरेत आहे. लाँगबोर्डखालच्या ज्या धातूच्या जोडणीला आज 'ट्रक' म्हणतात, तिच्यात मूळ तत्त्व प्लिम्पटनचेच आहे. रबराच्या जागी आता युरेथेनच्या चकत्या आल्या. त्यांना 'बुशिंग' म्हणतात. मोटारसायकलच्या दुकानात ज्याला आपण बुश म्हणतो त्याच्याच कुळातला हा जिन्नस.

११/ प्लिम्पटन नुसता कारागीर नव्हता, चांगलाच धंदेवाईकही होता. त्याने स्केटिंगसाठी सभागृहे काढली, १८६६ मध्ये न्यूपोर्टच्या एका हॉटेलात प्रतिष्ठितांसाठी रिंक सुरू केली, आणि पेटंटसाठी इंग्लंडच्या न्यायालयांपर्यंत भांडला. पुढे इंग्रजांबरोबर रिंक आपल्याकडेही आल्या. मसुरीची जुनी रिंक प्रसिद्ध आहे. तो भाग मोठा आहे, त्यावर स्वतंत्र धागा करीन.

१२/ फळीकडे वळू. १९५० च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर लाटांवर स्वार होणारी मुले समुद्र शांत असला की अस्वस्थ होत. त्यांनी रोलर स्केटची चाके काढून फळ्यांना ठोकली आणि डांबरावर लाटेची वळणे गिरवायला सुरुवात केली. येथेही कारण तेच : पृष्ठभाग हातचा गेला, शरीराला मात्र सवय लागून बसलेली. काही वर्षांतच कारखान्यांत तयार फळ्या निघू लागल्या.

१३/ त्या फळ्यांची चाके मात्र वाईट होती. आधी लोखंडाची, मग चिकणमातीच्या मिश्रणाची. ती खडबडीत रस्त्याला धरत नसत, एखादा खडा आला की जागीच थबकत आणि स्वार पुढे फेकला जाई. अपघात वाढले, आणि १९६५ च्या सुमारास अमेरिकेतल्या अनेक शहरांनी या खेळावर निर्बंध घातले.

१४/ त्याच १९६५ च्या नाताळात, मिशिगन राज्यातल्या मस्कीगन गावी, शर्मन पॉपेन नावाच्या गृहस्थाने मुलींसाठी दोन स्की एकत्र जोडून बर्फावर उभे राहून घसरण्याची एक फळी केली. त्याच्या पत्नीने स्नो आणि सर्फ हे शब्द एकत्र करून तिला 'स्नर्फर' हे नाव दिले. पुढे एका मोठ्या कंपनीने ती खेळणे म्हणून बाजारात आणली. याच स्नर्फरवर लहानपणी घसरलेल्या जेक बर्टन कार्पेंटरने १९७७ मध्ये व्हरमाँटमध्ये स्वतःच्या फळ्या करण्यास सुरुवात केली.

१५/ त्याआधीची टॉम सिम्सची गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. न्यू जर्सीतला हा शाळकरी मुलगा स्केटबोर्डवेडा होता. हिवाळ्यात रस्ते बर्फाखाली जात आणि त्याचा खेळ बंद पडे. १९६३ मध्ये त्याने शाळेच्या सुतारकामाच्या तासाला बर्फावर चालेल अशी एक फळी बनवली. पुढे कॅलिफोर्नियात तो स्केटबोर्ड आणि स्नोबोर्ड या दोहोंचा नामांकित निर्माता झाला.

१६/ येथे जरा थांबावे. भाऊ समजतो की लाँगबोर्ड ही स्नोबोर्डची बिनमोसमी सोय आहे. सिम्सच्या बाबतीत नेमके उलट घडले होते : स्नोबोर्डच स्केटबोर्डची बिनमोसमी सोय होती. लाटेचा बिनमोसम डांबरावर काढला, डांबराचा बर्फावर, आणि आता बर्फाचा बिनमोसम पुन्हा डांबरावर. यातला मूळ खेळ कोणता, हे ठरवण्याचा खटाटोप मला व्यर्थ वाटतो. १९९८ मध्ये नागानोच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्नोबोर्डला प्रथम स्थान मिळाले, तेव्हा तर कोणाची सोय कोण, हा प्रश्नच उरला नव्हता.

१७/ आपल्याकडे याचा जवळचा दाखला मल्लखांबाचा आहे. बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' या ग्रंथात त्याचा पूर्वज सापडतो. पण आजच्या मल्लखांबाचे श्रेय परंपरा दुसऱ्या बाजीरावाच्या काळातल्या बाळंभट्टदादा देवधरांना देते. खांब हा कुस्तीगिराचा न थकणारा जोडीदार होता. पकड, कंबर, मांड्या यांची मेहनत त्यावर होई. हळूहळू त्या मेहनतीचाच स्वतंत्र खेळ झाला. आमच्या शेजारच्या अमरावतीत १९१४ मध्ये स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली होती. कुस्तीचा मोसम आणि बर्फाचा मोसम एक नव्हेत, हे मान्य. तरी पर्याय म्हणून आलेली गोष्ट घर कशी करते, ते येथे दिसते.

१८/ आणखी एक नाव घेतलेच पाहिजे : शिवा केशवन. मनालीजवळचा हा खेळाडू ल्यूज खेळे, म्हणजे बर्फाच्या नळीतून पाठीवर झोपून, पाय पुढे करून वेगाने उतरण्याचा खेळ. भारतात त्यासाठी योग्य अशी बांधीव घसरवाट नव्हती. म्हणून तो घसरगाडीला चाके लावून हिमालयातल्या घाटरस्त्यांवर सराव करी. नागानो १९९८ मध्ये तो भारताचा एकमेव खेळाडू होता, आणि २०१८ पर्यंत सहा हिवाळी ऑलिंपिक खेळला. भावाने याचा फोटो भिंतीवर लावला आहे. आईने त्याखाली उभे राहून बजावले आहे की धामणगाव रोडवर, वाहनांमध्ये, असला प्रकार चालणार नाही. मी आईच्या बाजूने आहे.

१९/ आता युरेथेन. मागच्या धाग्यात बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव जाऊन रबरी टायर कसे आले, हे पाहिले होते. धाव रस्ता कापी आणि खडखडे. रबर रस्त्याशी जुळवून घेई. फळीच्या इतिहासात हेच १९७० नंतर घडले. फ्रँक नॅसवर्दी या तरुणाला व्हर्जिनियातल्या एका प्लॅस्टिक कारखान्यात रोलर स्केटसाठी बनवलेली युरेथेनची चाके दिसली. ती मऊ, म्हणून भाड्याच्या स्केटसाठी ठीक समजली जात. त्याने ती आपल्या फळीला लावली आणि १९७३ च्या सुमारास कॅलिफोर्नियात 'कॅडिलॅक' नावाने विकायला काढली. ही चाके वळणावर रस्ता सोडत नसत. बंदीच्या काळात मरगळलेला खेळ पुन्हा उभा राहिला तो या चाकांवर.

२०/ १९९० च्या दशकात लांब फळ्यांना पुन्हा दिवस आले. लांब फळीच्या ट्रकमध्ये मधला मोठा बोल्ट, म्हणजे किंगपिन, उलट बाजूला गेला. त्यामुळे कलणे आणि परत येणे अधिक सलग झाले. १९९५ च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातल्या व्हेनिस येथे ग्रेग फॉक आणि नील कार्व्हर या दोघांनी पुढचा ट्रक आणखी मोकळा वळेल अशी जोडणी शोधली. निमित्त? त्या उन्हाळ्यात समुद्राला लाटाच नव्हत्या.

२१/ इतिहास येथवर. आता आमच्या अंगणातली जुळवणी. ज्यांना फक्त सनावळ्या हव्या आहेत त्यांनी येथे थांबले तरी चालेल. पण माझ्या मते खरी गंमत पुढे आहे.

भावाला हवे आहे ते कार्व्हिंग. बर्फावर नवशिका फळी आडवी करून घसटत वळतो. बर्फ खरवडले जाते. कार्व्हिंगमध्ये फळी कडेवर उभी राहते आणि तिच्या कडेची वक्ररेषा बर्फात बारीक चर पाडत जाते. घसरण नाही, धार तेवढी. या वक्ररेषेची त्रिज्या साधारण सात ते नऊ मीटर असते. वळण हातांनी मारायचे नसते. आधी घोटे, मग गुडघे, मग कंबर कलते आणि फळी आपल्या वाटेने जाते. हीच क्रमवारी दहा महिने टिकवायची आहे.

२२/ पुण्याहून आलेली फळी कार्व्हिंगसाठी जुळवलेली नव्हती. पूर्वीचा मालक बहुधा वेगाने सरळ उतरण्याचा शौकीन असावा. बुशिंग दगडासारखे, नट करकचून आवळलेले. भावाचे वजन अठ्ठावन्न किलो. तो फळीच्या काठावर उभा राहिला तरी चाके हलेनात. त्याने नट ढिला केला. फळी कलू लागली, पण आता ती मध्यावर परतेना. सैल दारासारखी लटपटू लागली. मला वाटते, हीच चूक सर्वाधिक होते. कलण्याचा मऊपणा नटाने मिळवायचा नसतो, बुशिंगने मिळवायचा असतो.

२३/ रबर-युरेथेनचा कठीणपणा अल्बर्ट शोर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मापाने मोजतात; आकड्यापुढे 'ए' लिहितात. आकडा मोठा तितका माल कठीण. जुनी बुशिंग ९५ए ची होती. भावाच्या वजनाला ८० ते ८५ए पुरे. सत्तर-ऐंशी किलोच्या माणसाला ८७ ते ९०ए लागेल. फळीकडच्या बाजूला सरळ नळकांड्याच्या आकाराचे आणि रस्त्याकडच्या बाजूला निमुळते बुशिंग घातले की कलताना मोकळेपणा मिळतो, आणि शेवटी आधारही राहतो. नट इतकाच आवळायचा की वायसर हाताने सहज फिरू नये, आणि बोल्टचे एक-दोन आटे नटाच्या बाहेर दिसावेत. आटे आत बुडाले असतील तर नट चालताना निसटू शकतो.

२४/ मग वळणाचा हिशेब. दोन आखांमधले अंतर सत्तर सेंटिमीटर आणि ट्रकची खुंटी पन्नास अंशांची असेल, तर फळी पाच अंश कलल्यावर वळणाची त्रिज्या सुमारे साडेतीन मीटर येते. दहा अंश कलल्यावर सुमारे पावणेदोन. म्हणजे बर्फापेक्षा कितीतरी आखूड वळण. भाऊ हिरमुसला. मी त्याला एकपदरी रस्त्याची रुंदी दाखवली : पावणेचार मीटर. सात मीटर त्रिज्येचे भरदार वळण घ्यायला निघाला तर तो पराटीतच जायचा. तूर्त आखूड वळणेच एकापुढे एक ओवायची. रुंद मैदान मिळाले की आखांमधले अंतर वाढवायचे किंवा कमी कोनाचा पाया बसवायचा. त्याच कलण्याला वळण लांबट होते.

२५/ कोणी मागच्या ट्रकखाली पाचर ठेवून त्याचा कोन कमी करतात. त्यामुळे पुढचा आख अधिक वळतो, मागचा शांतपणे मागोमाग येतो. स्नोबोर्डवरही वळणाची सुरुवात पुढच्या पायाने होते, म्हणून भावाला हा प्रकार मानवला. पाचर मिस्त्री काकांनी सागाची करून दिली. बाजारात प्लॅस्टिकची मिळते. पण काकांना तसे सांगण्याचे धाडस कोणी केले नाही. बोल्ट मात्र पाचरीच्या जाडीइतके लांब घ्यावे लागले.

२६/ चाके निवडताना आमच्या मातीचा विचार करावा लागला. बाभुळगावची जमीन काळी, कापसाची. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तिच्यावरचा रस्ताही तिच्याबरोबर श्वास घेतो. कडेला लांब भेगा पडतात, मधे उंचवटे येतात, खडी सुटते. त्या भेगांचे तोंड चाक गिळण्याइतके रुंद असू शकते. म्हणून मोठी आणि मऊ चाके : सत्तर मिलिमीटरच्या आसपास व्यास आणि ७८ए. कडा चौकोनी, कारण गोल कडांचे चाक वळणावर लवकर घसरते आणि आपल्याला घसरायचे नाही. रस्त्याच्या लांबीने जाणाऱ्या भेगेत चाक कधीही समांतर जाऊ द्यायचे नाही, तिरकेच ओलांडायचे.

२७/ बेअरिंग हा सर्वांत सोपा भाग निघाला. चाकात ६०८ क्रमांकाचे बेअरिंग बसते : आत आठ मिलिमीटर, बाहेर बावीस, जाडी सात. हे माप जगभर सारखे आहे आणि लहानसहान मोटारींत सर्रास वापरतात, त्यामुळे यवतमाळच्या कोणत्याही बेअरिंगच्या दुकानात ते मिळते. दुकानदाराने "कशाच्या मोटारीले?" असे विचारले. भावाने "फळीले" म्हणून सांगितले.

२८/ एक गोष्ट न तपासल्याने त्याचे कोपर फुटले, म्हणून येथे लिहिते. मऊ बुशिंग आणि मोठी चाके एकत्र आली की पूर्ण कलल्यावर चाक फळीच्या पोटाला घासू शकते. घासले की चाक जागीच थांबते आणि स्वार पुढे जातो. जवळजवळ मर्लिनसारखाच, आरसा तेवढा नव्हता. उपाय साधा : ट्रक आणि फळी यांच्यामध्ये सहा-सात मिलिमीटरची जाड पट्टी घालायची, मग अंगणात एका काठावर पूर्ण वजन टाकून पाहायचे आणि चाक व फळी यांच्यामधून पुठ्ठा सरकतो का, ते तपासायचे. हे रस्त्यावर जाण्याआधी करायचे असते. हेल्मेट, कोपर-गुडघ्यांची कवचे आणि हातमोजे त्यानंतर मागवले. क्रम उलटा हवा होता.

२९/ बर्फाशी या फळीचे एक मोठे वैर आहे. बर्फावर थांबायचे तर फळी आडवी करावी. डांबरावर नवशिक्याने तसे केले तर हाड मोडते. म्हणून वळण शिकण्याआधी एक पाय जमिनीला घासून थांबणे शिकावे लागते, आणि उतार असा निवडावा की पुढे जाऊन तो आपोआप सपाट होईल. वेग वाढला तर सरळ न जाता वळण पूर्ण करायचे, इतके की फळी जवळजवळ वरच्या दिशेला तोंड करील. वेग तेथेच मरतो. ही सवय मात्र बर्फावर जशीच्या तशी उपयोगी पडते. दोन्ही पायांतले अंतरही भावाने गुलमर्गच्या फळीचे मोजून आणले होते. त्या खुणा त्याने खडूने काढल्या आहेत.

३०/ आमचे मोसमही निराळे. मे महिन्यात डांबर मऊ होते आणि युरेथेनही उष्णतेने मऊ पडते. सकाळी सहाला नेमकी वाटणारी बुशिंग दहा वाजता ढिली वाटतात. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर चाके सुटतात आणि बेअरिंग गंजतात, शिवाय ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर शेतातला चिखल डांबरावर येतो. म्हणजे बिनमोसमासाठी आणलेल्या फळीलाही स्वतःचा बिनमोसम आहे. जुलैभर भाऊ ओसरीत, जुन्या पायपाच्या तुकड्यावर पाट ठेवून तोल सांभाळीत होता. आजीला तिचा पाट परत मिळालेला नाही.

३१/ बाबांच्या प्रश्नाचे काय? भाऊ म्हणतो, शरीर विसरत नाही, त्याला आठवण करून द्यावी लागते. बाबांनी हे ऐकून घेतले आणि शुल्काचा निर्णय पहिल्या वेच्यापर्यंत पुढे ढकलला. माझ्या मते तेही योग्यच आहे. २०२२ मध्ये गुजरातेत झालेल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत स्केटबोर्डिंगला जागा मिळाली, हे मी त्यांना सांगून पाहिले. "तेथे अशीच फळी असते काय?" असे त्यांनी विचारले. नसते, तेथली आखूड असते. खोटे बोलवेना.

३२/ पाऊस उघडल्यावर, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, मिस्त्री काका पुन्हा आले. शस्त्रपूजेसाठी त्यांनी रंधा, करवत, पटाशी पुसून ठेवली होती, आणि आपली पाचर कशी टिकली ते त्यांना पाहायचे होते. भावाने फळी अंगणातल्या फरशीवर ठेवली आणि काकांचा हात धरला. काका एक पाय ठेवून, मग दुसरा, असे बेताने तिच्यावर उभे राहिले. त्यांनी डाव्या काठावर भार दिला, मान वाकवून खाली पाहिले. पुढचा आख एकीकडे वळला, मागचा दुसरीकडे. त्यांनी उजवीकडे भार दिला. असे चार-पाच वेळा केले. मग खाली उतरून, गुडघ्यावर बसून, पुढचे बुशिंग अंगठ्याने दाबून पाहिले आणि भावाला म्हणाले, "हे झिजलं की मले दाखवजो."